लोण्यातला टाकणखार : अमेरिकेच्या अन्ननियंत्रण कचेरीची वाटचाल

अमेरिकेचं शेतकी खातं अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली उभं राहिलं. यादवी युद्ध ऐन भरात होतं, तरी नव्या खात्यानं पहिल्याच वर्षी एक रसायनतज्ज्ञ नेमला. चार्ल्स वेदरिल हे त्यांचं नाव. त्यांच्या वाट्याला आलेलं काम शेतकऱ्याच्या उपयोगाचं होतं: द्राक्षाचा रस दारूला कितपत योग्य, जमिनीत काय आहे, खतात काय आहे. दुधात कोण काय मिसळतं, हे पाहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आज ज्याच्या शिक्क्याला जगभर किंमत आहे त्या अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, मूळ या एका माणसाच्या प्रयोगशाळेत सापडतं.

या संस्थेबद्दल लिहिणारे बहुतेक जण औषधांकडे वळतात. तो इतिहास मोठा आहे, पण तिचा खरा स्वभाव कळतो तो दूध, लोणी आणि चीज यांच्या प्रकरणांत. तिथं ही कचेरी कमालीची धीट होती, आणि तिथंच तिचे हातही बांधलेले होते.

वेदरिल यांच्या नेमणुकीच्या चारच वर्षं आधी न्यूयॉर्क शहर दुधानं हादरलं होतं. १८५८ साली फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकानं शहरातल्या गोठ्यांची चित्रं छापली. दारूच्या भट्ट्यांना लागूनच गोठे होते, भट्टीतून निघालेला ऊन ऊन चोथा थेट गायींपुढे ओतला जाई. गायी खंगत, त्यांच्या शेपट्या झडत, आणि तरीही त्यांची धार काढली जाई. निळसर पातळ दूध पांढरं दिसावं म्हणून त्यात खडू किंवा प्लास्टरची पूड पडे आणि ते ‘गावाकडचं निर्भेळ दूध’ म्हणून घरोघर जाई. नगरपालिकेच्या चौकशीनं प्रकरणावर पांघरूण घातलं. शेवटी १८६२ साली न्यूयॉर्क राज्यानं असल्या दुधावर बंदी घातली. केंद्र सरकारचा यात काहीच संबंध नव्हता. अन्नातली भेसळ हा राज्यांचा आणि शहरांचा प्रश्न, असंच तेव्हा सगळे धरून चालत.

केंद्र सरकार या प्रश्नात शिरलं ते विषाच्या भीतीनं नव्हे, लोण्याच्या भावापायी.

फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी हवं होतं. इपोलित मेज-मूरिएस या रसायनतज्ज्ञानं १८६९ साली गोमांसाची चरबी आणि साय काढलेलं दूध यांतून ते करून दाखवलं. हेच मार्गारीन. अमेरिकेतल्या मोठ्या कत्तलखान्यांकडे चरबीचे डोंगर होते, त्यामुळे तिथं ते झपाट्यानं पसरलं आणि पिवळा रंग देऊन लोणी म्हणून खपू लागलं. गवळी आणि लोणीवाले चवताळले. १८८६ साली काँग्रेसनं मार्गारीनवर पौंडामागे २ सेंट कर बसवला. कारखानदाराला वर्षाला ६०० डॉलर, घाऊक व्यापाऱ्याला ४८० आणि किरकोळ दुकानदाराला ४८ डॉलर परवान्यासाठी मोजावे लागणार होते. एका देशी पदार्थाला वाचवण्यासाठी दुसऱ्या देशी पदार्थावर कर, असा हा कायदा. ग्राहकाची फसवणूक थांबवायची असं त्याच्या कैवाऱ्यांनी सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण फसवणूकच थांबवायची होती तर लेबल पुरलं असतं. ६०० डॉलर कशाला?

काही राज्यांनी त्याच्याही पुढं मजल मारली. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात मार्गारीन विकायचं तर ते गुलाबी रंगवूनच विकायचं, असा दंडक झाला. गुलाबी लोणी पावाला कोण लावणार? हे लेबल नव्हतं, गिऱ्हाइकाला किळस यावी म्हणून केलेली तजवीज होती, आणि १८९८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती मोडीत काढली. आपल्याकडे हीच अडचण साजूक तूप आणि वनस्पती तूप यांच्यात उभी राहिली तेव्हा तोडगा जास्त डोक्यानं निघाला. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. डोळ्यांना किंवा जिभेला ते कळत नाही. पण साजूक तुपात डालडा मिसळला असेल तर प्रयोगशाळेत बाउडवाँ चाचणीत नळी गुलाबी होते. अमेरिकेनं गिऱ्हाइकाच्या ताटात गुलाबी रंग आणला, आपण तो तपासनिसाच्या नळीत ठेवला.

या धुमश्चक्रीत १८८३ साली शेतकी खात्याच्या रसायन विभागावर इंडियानाचे हार्वे वॉशिंग्टन वायली आले. शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टरकीची पदवी, पर्ड्यू विद्यापीठाचे पहिले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. तिथं त्यांनी सायकल चालवली आणि विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळले म्हणून विश्वस्तांनी त्यांना समज दिली होती. प्राध्यापकानं असं वागायचं नसतं! गृहस्थ अंगापिंडानं भक्कम, बोलण्यात पटाईत आणि वर्तमानपत्रवाल्यांचे लाडके. १८८७ पासून त्यांच्या विभागानं ‘खाद्यपदार्थ आणि त्यांतली भेसळ’ या विषयावर तेरा क्रमांकाची पत्रिका भागाभागानं काढायला सुरुवात केली. १९०२ पर्यंत तिचे दहा भाग निघाले. मसाले, कॉफी, मध, डबाबंद भाज्या असं सगळं त्यांत आलं. पण पहिला भाग होता दुभत्याचा. पत्रिका रुक्ष होती, तक्त्यांनी भरलेली होती. सामान्य माणसानं ती वाचली नसेल. ती पुढं ज्यांना दाखवायची होती ते वाचणारे मात्र तयार होत होते.

एवढ्यात भेसळीचं रूपच पालटलं. खडू आणि पाणी हा जुना धंदा; नवा धंदा होता टिकवण्याचा. शहरं वाढली, दूध रेल्वेनं लांबून येऊ लागलं, बर्फ महाग होता. अशा वेळी फॉर्मल्डिहाइडचे थेंब दुधात टाकले की ते दिवसेंदिवस फाटत नसे. ‘फ्रीझिन’, ‘प्रिझर्व्हलिन’ अशा गोड नावांनी ही औषधं गवळ्यांना विकली जात. नाव वाचून बर्फाचीच आठवण व्हावी. बाटलीत काय आहे हे मात्र त्यावर नसे. प्रेतं टिकवायला वापरतात तेच हे रसायन. लोण्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, पडत असे. कुठं सॅलिसिलिक आम्लही पडे.

या रसायनांबद्दल वायलींचा आक्षेप दुहेरी होता. एक, पोटात गेल्यावर ती अपाय करतील. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो. दूध आंबतं ही गिऱ्हाइकाला मिळालेली सूचना असते. फॉर्मल्डिहाइडनं दूध ताजं होत नाही, फक्त ते शिळं असल्याची खूण पुसली जाते. घाणेरड्या गोठ्यातलं दूधही मग स्वच्छ गोठ्यातल्या दुधाच्या भावानं विकता येतं. इंडियाना राज्याच्या आरोग्य मंडळाचे डॉक्टर जॉन हर्टी हे नेमकं याच दुधाविरुद्ध लढत होते, कारण त्यांच्याकडे तान्ह्या मुलांच्या मृत्यूच्या नोंदी येत होत्या. त्यांच्या खटपटीनं १८९९ साली इंडियानानं स्वतःचा शुद्ध अन्नाचा कायदा केला. केंद्रात मात्र एकामागून एक विधेयकं मांडली जात आणि मरत.

१९०१ साली विभागाला बढती मिळाली आणि तो ‘ब्यूरो ऑफ केमिस्ट्री’ झाला. पुढच्या वर्षी काँग्रेसनं वायलींना ५,००० डॉलर दिले: परिरक्षकांचा, म्हणजे अन्न टिकवणाऱ्या रसायनांचा, शरीरावर काय परिणाम होतो ते तपासा. या पैशातून जे झालं ते अमेरिकेच्या सरकारी इतिहासातलं एक विलक्षण प्रकरण आहे.

ब्यूरोच्या तळघरात एक स्वयंपाकघर आणि जेवणघर थाटण्यात आलं. बारा धडधाकट तरुण निवडले गेले. बहुतेक सरकारी कचेरीतलेच कारकून वगैरे. तिन्ही वेळचं जेवण फुकट, पण याच टेबलावर. बाहेर काही खायचं नाही. जेवणाआधी वजन, ताप, नाडी यांची नोंद. मलमूत्र गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचं. काही झालं तर सरकारवर दावा लावायचा नाही, असं आधीच लिहून दिलेलं. १९०२ च्या डिसेंबरात पहिली पंगत बसली, आणि पहिलं रसायन होतं टाकणखार.

हा टाकणखार पहिल्यांदा लपवला गेला तो लोण्यात. कशात घातलाय हे पोरांना सांगितलेलं नव्हतं. पण थोड्याच दिवसांत टेबलावरचं लोणी तसंच उरू लागलं. त्यांना संशय आला होता की नुसतीच चव नकोशी झाली होती, कोण जाणे. मग तो दुधात घातला, कॉफीत घातला, मांसात घातला. प्रत्येक वेळी पोरं त्या पदार्थापासून हात आखडता घेऊ लागली. शेवटी वायलींनी लपवाछपवी सोडली आणि टाकणखार कॅप्सूलमध्ये भरून जेवणाबरोबर उघड उघड दिला. पोरांनी तो निमूटपणे गिळला. सरकारी प्रयोगाचा हा सगळ्यात प्रामाणिक निष्कर्ष होता असं मला वाटतं: गुपचूप घातलेलं विष माणूस टाळायला बघतो, सांगून दिलेलं घेतो.

‘वॉशिंग्टन पोस्ट’चा एक तरुण वार्ताहर तळघराच्या खिडकीशी घुटमळू लागला, आचाऱ्याकडून बातम्या काढू लागला आणि ‘विषपथक’ हे नाव देशभर झालं. त्यांच्यावर गाणी निघाली. वायलींना सुरुवातीला हे आवडलं नाही. पुढं त्यांनी त्याचा पुरता उपयोग करून घेतला. टाकणखारानंतर सॅलिसिलिक आम्ल, सल्फ्युरस आम्ल, सोडियम बेंझोएट, फॉर्मल्डिहाइड असं करत पाच वर्षं ही पंगत बसत राहिली. पोरांना मळमळे, डोकं दुखे, भूक मरे, वजन घटे. टाकणखाराचा अहवाल १९०४ साली निघाला: थोडा थोडा पण रोज घेतला तरी तो माणसाला सोसत नाही.

आजच्या कसोटीवर हा प्रयोग टिकणार नाही. बारा माणसं म्हणजे काहीच नाहीत. ज्यांना रसायन दिलं नाही असा वेगळा गट तुलनेला नव्हता. मात्रा अनेकदा रोजच्या खाण्यातल्यापेक्षा मोठी होती. आपण विष खातोय हे ठाऊक असलेल्या माणसाला मळमळ व्हायला किती वेळ लागतो? आणि सगळ्यात मोठी उणीव दुधाच्याच बाबतीतली: फॉर्मल्डिहाइडचं दूध पीत होती तान्ही मुलं, आणि तपासणी झाली विशी-पंचविशीतल्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांवर. वायलींचं म्हणणं असं की हे तगडे जर आजारी पडतात तर लेकरांचं काय होत असेल. युक्तिवाद म्हणून ते ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. तरीही त्या पंगतीनं जे साधलं ते कुठल्याही निर्दोष प्रयोगानं साधलं नसतं. अन्नातली रसायनं हा विषय तज्ज्ञांच्या टेबलावरून घराघरातल्या टेबलावर आला.

महिला मंडळांनी तो तिथून उचलला. ॲलिस लेकी यांच्यासारख्या बायकांनी गावोगाव सभा घेतल्या, काँग्रेसकडे पत्रांचा पाऊस पाडला. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी ‘द जंगल’ पुस्तकरूपानं आली आणि उरलासुरला विरोध कोसळला. ३० जून १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. अंमलबजावणीचं काम ब्यूरोकडे आलं.

कायद्यात दोन गुन्हे होते, भेसळ आणि खोटं लेबल. दुसऱ्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पदार्थात काय काय आहे ते लिहा, असं हा कायदा म्हणत नव्हता. दारू, अफू, कोकेन अशी मोजकी नावं सोडली तर लेबलावर काहीही न लिहिण्याची मुभा होती. लिहिलंत तर खोटं लिहू नका, एवढंच. पाकिटावर वजन लिहिण्याची सक्तीसुद्धा १९१३ च्या दुरुस्तीनं आली. आणि घातलेलं रसायन अपायकारक आहे हे सिद्ध करायचं सरकारनं. कारखानदारानं नुसतं बसून राहायचं.

१९०७ साली निघालेल्या ७६ क्रमांकाच्या निर्णयानं सात कृत्रिम रंग मान्य केले आणि परिरक्षकांवर लगाम घातला. टाकणखार, फॉर्मल्डिहाइड, सॅलिसिलिक आम्ल यांना दार बंद झालं. गंधकाचा धूर आणि बेंझोएट यांना तूर्त राहू दिलं. लोणी आणि दूध यांच्यापुरती वायलींची लढाई इथं जवळजवळ जिंकलेली होती, आणि ती जिंकता आली याचं एक कारण बर्फ आणि पाश्चरीकरण हे होतं. टिकवण्याचा दुसरा मार्ग हाताशी आला की पहिला सोडणं सोपं जातं. ब्रिटनकडे पाहिलं की हे पटतं. तिथल्या सरकारी समितीनं १९०१ साली दुधात कसलंही परिरक्षक नको असं सांगितलं, पण लोण्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत बोरिक आम्ल चालेल म्हणाली. कारण लोणी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून बोटीनं यायचं. तिथं लोण्यातला टाकणखार जायला १९२० चं दशक उजाडावं लागलं.

वायली हरले ते बेंझोएटवर, म्हणजे टोमॅटो केचपवर. रूझवेल्ट यांनी १९०८ साली त्यांच्या डोक्यावर तज्ज्ञांचं एक मंडळ बसवलं. अध्यक्ष होते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे आयरा रेम्सन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिन सापडलं ते. मंडळानं थोडं बेंझोएट निरुपद्रवी ठरवलं आणि १९०९ साली सरकारचा निर्णय झाला: घाला, पण लेबलावर तसं लिहा. हा तह फार दूरवर गेला. बंदी घालायची की सोडून द्यायचं, यांच्यामध्ये लेबल नावाची एक पळवाट म्हणा, नाहीतर सोय म्हणा, सापडली. पुढच्या शंभर वर्षांत या कचेरीनं जेव्हा जेव्हा भांडण टाळायचं ठरवलं, तेव्हा ती लेबलाकडे वळली.

वायली १९१२ साली राजीनामा देऊन ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाकडे गेले आणि तिथून सरकारवर टीका करत राहिले. ते गेल्यावर ब्यूरो शांत, शिस्तीचा आणि थोडा भित्रा झाला. १९२७ साली संशोधन आणि नियंत्रण वेगळं करण्यात आलं. ३० जून १९३० रोजी, कायद्याला बरोबर चोवीस वर्षं झाली त्या दिवशी, वायली वारले. दुसऱ्या दिवसापासून नियंत्रणाच्या कचेरीचं नाव झालं फूड अँड ड्रग ॲडमिनिस्ट्रेशन.

पण लोण्याची गोष्ट मधल्या काळात संपलेली नव्हती. ती वेगळ्याच दालनात चालू होती. १९०२ साली काँग्रेसनं मार्गारीनच्या कराची मांडणी बदलली: रंगवलेल्या मार्गारीनवर पौंडामागे १० सेंट, बिनरंगी असेल तर पाव सेंट. कारखानदारांनी मग पांढरं मार्गारीन आणि सोबत रंगाची पुडी विकायला काढली. घरच्या बाईनं ते वाडग्यात घेऊन रंग कालवत बसायचं. याच सुमारास लोणीवाले काय करत होते? हिवाळ्यात गायीला हिरवा चारा मिळत नाही, लोणी फिकट निघतं. तेव्हा तेही रंग घालत होते: पूर्वी गाजराचा रस, मग अनाटो, म्हणजे आपल्याकडच्या शेंद्रीच्या बियांचा रंग, आणि पुढं डांबरापासून काढलेले रंग. एकाच रंगानं मार्गारीन खोटं ठरे आणि लोणी खरं.

१९२३ साली काँग्रेसनं लोण्याची व्याख्या स्वतःच कायद्यात लिहिली. फक्त दूध किंवा साय यांपासून केलेलं, दुधाची चरबी किमान ८० टक्के, मीठ आणि रंग घातलेला असो वा नसो. टाकणखाराला या वाक्यात जागा नाही. रंगाला मात्र कायद्यानं मानाचं पान दिलं. त्याच दिवशी साय काढलेल्या दुधात खोबरेल तेल घालून विकण्यावर, म्हणजे ‘भरलेल्या दुधा’वर, राज्याराज्यांतल्या व्यापारात बंदी आली. लेबलावर खरं लिहिलं तरी बंदी! ती मोडल्याबद्दल सरकारनं कॅरोलीन कंपनीवर खटला भरला आणि १९३८ साली कंपनी सर्वोच्च न्यायालयात हरली. त्या निकालाच्या चौथ्या तळटीपेवर पुढं अमेरिकेतल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांचं मोठं न्यायशास्त्र उभं राहिलं, ही या दुधाची अनपेक्षित मलई. बंदीचा कायदा मात्र १९७२ साली एका संघीय न्यायालयानं घटनाबाह्य ठरवेपर्यंत चालला.

१९३८ चा कायदा ही संस्थेची दुसरी पायरी. सल्फानिलमाइडच्या विषारी औषधानं आदल्या वर्षी शंभरावर माणसं मेली होती, त्यामुळे लोकांच्या आठवणीत तो औषधांचा कायदा म्हणून राहिला. खाद्यपदार्थांच्या बाबतीत त्यानं घटक लिहिण्याची सक्ती आणली, कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि रासायनिक परिरक्षक असेल तर तसं लेबलावर सांगायला लावलं. ज्यासाठी वायली आयुष्यभर भांडले ते अखेर कायद्यात आलं. आणि त्याच कलमाच्या शेपटाला एक वाक्य जोडलेलं होतं: कृत्रिम रंगाविषयीची ही अट लोणी, चीज आणि आइस्क्रीम यांना लागू नाही.

परिरक्षक लपवता येणार नाही, रंग लपवता येईल. तोही फक्त दुभत्याच्या तीन पदार्थांत. याला शास्त्रीय आधार शोधायचा प्रयत्न करू नये. हा निव्वळ मतांचा हिशोब आहे. दुग्धव्यवसाय असलेल्या राज्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये भरपूर होते, केचपवाल्यांना तसं पाठबळ नव्हतं. शिवाय ही कचेरी तेव्हा शेतकी खात्यातच होती. ज्या खात्यानं गवळ्याचं हित पाहायचं त्याच खात्याच्या एका खोलीत गवळ्यावर नजर ठेवणारे बसायचे. १९४० साली तिला तिथून हलवलं, हा तिच्या आयुष्यातला सर्वांत कमी चर्चेचा आणि सर्वांत आवश्यक बदल.

मार्गारीनवरचा कर १९५० साली गेला. महायुद्धात लोण्याचं रेशनिंग झाल्यावर घराघरातल्या बायकांनी कालवाकालवीला कंटाळून आवाज उठवला होता. तरी लोण्याच्या बाजूनं शेवटचा हात मारून घेतलाच. खानावळीत पिवळं मार्गारीन वाढायचं तर गिऱ्हाइकाला दिसेल अशी पाटी लावा, आणि पानातला तुकडा एकतर त्रिकोणी कापा, नाहीतर त्यावर नाव घाला. लेबल छापायला जागा नाही तिथं आकारच लेबल झाला. विस्कॉन्सिन राज्यानं रंगीत मार्गारीनवरची बंदी १९६७ पर्यंत सोडली नाही. तिथले लोण्याचे कडवे कैवारी, सेनेटर गॉर्डन रोझलीप, डोळ्यांवर पट्टी बांधून चव ओळखायला बसले आणि मार्गारीनलाच लोणी म्हणाले. त्यांच्या तब्येतीच्या काळजीनं घरचे त्यांना गुपचूप मार्गारीनच खाऊ घालत होते, हे पुढं त्यांच्या मुलीनं सांगितलं.

इकडे रसायनांच्या बाजूला १९५० पासून न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जेम्स डिलेनी यांची समिती बसली होती. तिच्यातून १९५८ ची दुरुस्ती आली आणि वायलींच्या काळापासून डोक्यावर उभा असलेला नियम पायांवर आला: पदार्थ निर्धोक आहे हे यापुढं घालणाऱ्यानं सिद्ध करायचं. कर्करोग करणारं द्रव्य कुठल्याही मात्रेत चालणार नाही, हे डिलेनींचं कलम. जे आधीपासून सर्वसंमतीनं निर्धोक मानलं जातं त्याला सूट, हे तिसरं. आणि त्या सूटीच्या यादीत बेंझोएटही बसलं. पुढच्याच वर्षी लोणी-मार्गारीन रंगवण्यासाठी १९१८ पासून मान्य असलेले ‘एबी’ आणि ‘ओबी’ हे दोन पिवळे रंग यादीतून काढले गेले. चाळीस वर्षं ते लोकांच्या पोटात जात होते, आणि लोण्याच्या लेबलावर त्यांचं नाव असण्याची गरज नव्हती.

दुभत्यातली आजची परिरक्षकं या नव्या व्यवस्थेची लेकरं. चीजच्या कापांवर बुरशी येऊ नये म्हणून सॉर्बिक आम्ल चालतं, जास्तीत जास्त ०.३ टक्के, आणि ते लेबलावर सांगावं लागतं. चीजच्या पृष्ठभागासाठी नॅटामायसिन १९८२ साली मान्य झालं, चीज स्प्रेडसाठी निसिन १९८८ साली. निसिन तर दुधातल्याच जिवाणूंकडून मिळतं. साध्या दुधात मात्र आजही परिरक्षक घालायचं नाही. तिथं पाश्चरीकरण आणि थंडावा हीच दोन परिरक्षकं. तळघरातल्या पंगतीचा हा एक निकाल कुणी फिरवलेला नाही.

१९३८ च्या व्यवस्थेतलं एक छिद्र फार दिवस उघडं राहिलं. ज्या पदार्थाची सरकारनं प्रमाण व्याख्या ठरवली आहे त्याचे आवश्यक घटक लेबलावर लिहायची गरज नव्हती. चेडर म्हटलं की चेडर. त्यात काय असतं ते गिऱ्हाइकानं सरकारी नियमपुस्तिकेत पाहावं, असा तर्क. ती पुस्तिका कोण घेऊन बाजारात जातं? १९९० च्या कायद्यानं हे संपवलं आणि १९९४ पासून पाकिटामागचा पोषणमूल्यांचा तक्ता सुरू झाला. त्याच वर्षी नवं भांडण उभं राहिलं. गायीचं दूध वाढवणारं कृत्रिम संप्रेरक एफडीएनं १९९३ साली मान्य केलं होतं. ते टोचलेल्या गायींच्या दुधावर तसं लिहिलंच पाहिजे असा कायदा व्हरमाँट राज्यानं केला. संघीय अपील न्यायालयानं १९९६ साली त्याची अंमलबजावणी रोखली. नुसतं ग्राहकाचं कुतूहल हे सक्तीला पुरेसं कारण नाही, असा निकाल. माझ्या मते तो चुकीचा होता. कुतूहल हेच तर १९०६ च्या कायद्याचं इंधन होतं.

बदाम किंवा सोयाच्या पेयाला ‘दूध’ म्हणावं का, हा चालू वाद. २०२३ साली एफडीएनं मसुदा काढला: म्हणा, पण गायीच्या दुधापेक्षा पोषण कुठं कमी आहे ते लेबलावर सांगितलंत तर बरं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं याच प्रश्नाला उलट उत्तर दिलं, वनस्पतीजन्य पेयाला दूध म्हणायचं नाही.

लोणी, चीज आणि आइस्क्रीम यांच्या कृत्रिम रंगाची १९३८ ची सूट अजून कायद्यात जशीच्या तशी आहे. एफडीएच्या नियमावलीत त्यापुढं म्हटलेलं आहे की रंगाची नोंद स्वेच्छेनं करावी अशी शिफारस आहे. पुष्कळ कंपन्या ती करतातही. पण न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी लोण्याचं पाकीट उलटून पाहिलं आणि रंगाचं नाव दिसलं नाही, तर रंग घातलेलाच नाही असं समजू नये.